गुरुवारचं पाणी

नोटरी ओलेझा मोठ्यानं वाचतात.
कायदाच आहे तसा: विकणाऱ्यानं ऐकावं, घेणाऱ्यानं ऐकावं,
आणि मधल्या खुर्चीतल्या मी
एका कानानं घ्यावं, दुसऱ्यांच्या कानात सोडावं.
बेट मायोर्का, बाजू डोंगराकडची, गाव बिनिसेर्रा,
घराचं नाव कान तानो. भिंती दगडी, दीड हात जाड.
संत्र्याची सात झाडं. एक वठलेलं, तेही धरून.

हाइके नि डेटलेफ बीलेफेल्डहून आलेत.
मे महिन्याच्या उन्हातच नाकांची सालं निघालीत.
सभ्य माणसं. माझ्यासाठीही पाण्याची बाटली आणली.
विचारतात, समुद्र दिसतो ना?
मार्गालिदा फेर्रागुत म्हणतात, छपरावर चढलं तर.
आमच्यात कुणी चढलं नाही,
कौलं शाकारायला चढलं तेवढंच.
मी सांगते: हो, छपरावरून.

पुढचं कलम. मालमत्ता बोजामुक्त,
कर्जमुक्त,
भाडेकरूमुक्त.
इथे माझी जीभ अडते.
रोगमुक्त म्हणावं तसं वाटतं ते.
इंकामध्ये माझी एक खोली आहे, पंधरा जूनपर्यंत.
मग मालक ती रात्रीच्या हिशेबानं देणार
आणि मी बहिणीच्या सोफ्यावर, सप्टेंबर संपेतो.
तीही खोली मग मुक्तच म्हणायची, माझ्यापासून.
नोटरी चष्म्यावरून बघतात. मी शब्द पुरा करते.

मला वाटलं होतं, बाई रडतील.
एकशेचाळीस वर्षं, कागदावर पाच मेलेल्यांची नावं.
हाइकेलाही तसंच वाटलं असणार,
रुमाल काढून मांडीवर ठेवला होता तिनं.
हळूच म्हणाली, विचार ना, जड जातंय का त्यांना.

मार्गालिदा हसल्या. वरचा एक दात सोन्याचा.
जड? जानेवारीत झोपून बघ म्हणावं तिथे.
चादरी ओल्या, पावाला बुरशी,
हौदातून बादल्या ओढून ओढून आईचा खांदा निखळला.
मला पाल्मात दोन खोल्या हव्यात, लिफ्ट हवी,
आणि बटण दाबलं की भिंतीतून ऊब.
हे सगळं मी जर्मनमध्ये नेलं.
वाटेत थोडं सांडलं. बुरशी तेवढी.

मग त्याच म्हणाल्या, आणि हे बघा,
गावात आम्हाला कुणी आडनावानं हाक मारत नाही,
घरावरून मारतात. मी मरेपर्यंत तानोचीच.
ते नाव विकलेलं नाही. बघा कागदात.
नोटरींनी खरोखर तीन पानं मागे जाऊन बघितलं.

पाण्याचं कलम शेवटी.
सामाईक पाटाचं पाणी, आठवड्यातून एकदा,
गुरुवारी रात्री अकरा ते बारा वीस.
डेटलेफ दोनदा विचारतो, रात्री?
मग उठायचं कुणी?
ज्याचं पाणी त्यानं, मार्गालिदा म्हणतात,
आणि पेन मागतात.

सह्या. चावी, वीतभर, लोखंडी.
ती नुसती दाखवायला, त्या म्हणतात,
दार उघडतं ते गुडघ्यानं. आधी वर उचलायचं,
मग खालच्या कोपऱ्यात, असा.
साठीपलीकडच्या बाईनं नोटरीच्या कचेरीत
हवेला गुडघा मारून दाखवला.
ह्याला भाषांतर लागलं नाही.

बाहेर शेजारचा बिएल उभा, मोपेडला टेकून.
मान न वळवता आमच्या बोलीत मला म्हणाला,
गुरुवारी मी उठत जाईन.
संत्र्यांनी काय पाप केलंय.
त्यांना सांगू नकोस, उगाच पैसे द्यायला येतील.

काय म्हणाले ते? डेटलेफनं विचारलं.
अभिनंदन म्हणतायत, मी म्हणाले,
आणि पंच्याऐंशी युरोंची पावती फाडली, कर वेगळा.
पलीकडे भाड्याच्या गाडीपाशी हाइके
एका हातानं बॉनेट धरून
गुडघा उचलून बघत होती.